वाचकांचे प्रश्न : सानशिंगदुईसाठी चेंगडूला जाताना

प्रश्न : माझी आई इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. चीनमधील सानशिंगदुई येथे सापडलेल्या कांस्य मुखवट्यांची छायाचित्रे पाहिल्यापासून ते प्रत्यक्ष पाहण्याची तिची फार इच्छा आहे. येत्या एप्रिलमध्ये आम्ही दोघी चार दिवसांसाठी चेंगडूला जाणार आहोत. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी एकाच दिवशी सकाळी पांडा केंद्र, दुपारी सानशिंगदुई आणि संध्याकाळी बाजारपेठ असा कार्यक्रम आखून दिला आहे. आईचे गुडघे दुखतात. एवढा वेळ पुरेल का? उरलेल्या दिवसांत काय पाहावे?

उत्तर : पुरणार नाही, आणि हा कार्यक्रम आपण आताच बदलून घ्यावा. सानशिंगदुईचे संग्रहालय चेंगडू शहरात नाही. ते सुमारे ४० किलोमीटरवर ग्वांगहान येथे आहे. शिवाय २०२३ साली खुली झालेली तेथील नवी इमारत चांगलीच विस्तीर्ण आहे. पांडा केंद्रात सकाळभर चालून आल्यावर आईंचे गुडघे पहिल्या एकदोन दालनांतच बोलू लागतील, आणि ज्या वस्तूंसाठी त्या एवढ्या दूर आल्या, त्यांच्यासमोर पोहोचेपर्यंत परतीची घाई सुरू झालेली असेल.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे फिरण्याच्या पहिल्याच दिवशी, शरीर ताजे असताना, संपूर्ण दिवस सानशिंगदुईला द्यावा. चेंगडू पूर्व स्थानकावरून वेगवान रेल्वेने ग्वांगहान उत्तर स्थानक अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. तेथून टॅक्सी करावी. रेल्वे आणि संग्रहालय या दोन्हींची तिकिटे पासपोर्टवरील नावानेच मिळतात, त्यामुळे ती आधीच काढून ठेवावीत आणि मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा. व्हीलचेअर मिळते का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. आईंना चालता येत असले तरी विचारावे, कारण संग्रहालयात चालण्यापेक्षा उभे राहण्याचाच त्रास अधिक होतो.

आता तेथे काय पाहावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १९२९ साली एका शेतकऱ्याला चर खणताना जेडच्या वस्तू सापडल्या आणि या जागेचा पहिला सुगावा लागला. मात्र खरा खजिना १९८६ साली सापडलेल्या दोन खड्ड्यांतून वर आला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी येथील कांस्य मूर्ती, मुखवटे आणि सोन्याच्या वस्तू फोडल्या, जाळल्या आणि व्यवस्थित पुरून टाकल्या. त्यांच्यासोबत ८० हस्तिदंत निघाले, आणि समुद्रापासून इतक्या दूरच्या या प्रदेशात हजारो कवड्याही निघाल्या. या लोकांचे वाचता येईल असे लिखाण सापडलेले नाही. त्यामुळे राजाचे नाव, देवाचे नाव, काहीच हाती नाही, आणि वस्तूंकडे बारकाईने पाहणे हाच त्यांना ओळखण्याचा मार्ग उरतो. इतिहास शिकवलेल्या आईंना हे विशेष भावेल, असे वाटते.

डोळ्यांची बुबुळे नळकांड्यांसारखी पुढे आलेला १.३८ मीटर रुंदीचा मुखवटा आणि ३.९६ मीटर उंचीचा कांस्य वृक्ष यांच्याभोवती गर्दी असतेच. वृक्षाच्या नऊ फांद्यांवर नऊ पक्षी बसलेले आहेत आणि खोडावरून एक नाग-सदृश प्राणी खाली उतरतो आहे. त्याची जुळणी करण्यात जाणकारांची कित्येक वर्षे गेली. तरीही सर्वाधिक वेळ उभ्या पुरुषाच्या मूर्तीसमोर घालवावा, असा माझा आग्रह आहे. चौथऱ्यासह ती २.६ मीटरहून उंच आहे. तिचे हात शरीराच्या मानाने अवाढव्य आहेत, आणि दोन्ही मुठी कड्यासारख्या गोल वळवून एकीवर एक धरल्या आहेत. मुठींमध्ये आज काहीच नाही. तेथे हस्तिदंत असावा, असे काही अभ्यासक मानतात. इतरांचे मत वेगळे आहे. दोन्ही पोकळ्या एका सरळ रेषेत येतात का, हे आईंनी बाजूने उभे राहून पाहावे, म्हणजे वाद कशावरून आहे ते त्यांच्या लगेच ध्यानात येईल. त्या मुठी नीट लक्षात ठेवाव्यात, कारण दोन दिवसांनी त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

फिरण्याचा दुसरा दिवस हलका ठेवावा. सिचुआन प्रांताचे संग्रहालय आणि कवी दू फू यांची पर्णकुटी ही दोन्ही ठिकाणे एकमेकांना लागून आहेत. इ. स. ७५९ मध्ये युद्धाच्या धामधुमीतून निघालेले दू फू येथे आश्रयाला आले होते. आजची कुटी ही नंतरची उभारणी आहे, पण बाग सावलीची आणि बसायला चांगली आहे. संग्रहालयात वानफो मंदिराच्या जागेवर सापडलेली दगडी बौद्ध शिल्पे आवर्जून पाहावीत. सहाव्या शतकातील या शिल्पांमध्ये सम्राट अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुद्धमूर्तीची घडणही आढळते. आपण शाकाहारी असाल, तर वेन्शू मठातील भोजनगृहात निश्चिंतपणे जेवता येईल.

तिसऱ्या दिवशी जिन्शाला जावे. हे संग्रहालय शहरातच आहे आणि मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या मार्गिकेवर त्याच नावाचे स्थानक आहे. २००१ साली बांधकामाच्या वेळी ही जागा उजेडात आली. उत्खननाच्या प्रत्यक्ष जागेवर छत उभारले असून लाकडी मार्गावरून चालत खाली मातीतील खड्डे पाहता येतात. सूर्य आणि चार पक्ष्यांची नक्षी कापलेला सोन्याचा वर्ख अवघा १२.५ सेंटिमीटर व्यासाचा आणि २० ग्रॅम वजनाचा आहे. तो पाहून झाला की कांस्याची एक छोटी मानवी आकृती शोधावी. ती जेमतेम वीतभर, म्हणजे १९.६ सेंटिमीटर आहे, आणि तिच्या मुठीही तशाच गोल वळवलेल्या व रिकाम्या आहेत. सानशिंगदुई ओसरले आणि जिन्शा बहरले, हा सारा कालखंड त्या एका हस्तमुद्रेतून डोळ्यांसमोर येतो. क्रम उलटा केल्यास ही छोटी आकृती नजरेतून सहज निसटेल. म्हणून सानशिंगदुई आधी आणि जिन्शा नंतर, हा क्रम मात्र मोडू नये.

पांडा केंद्र चौथ्या दिवशी सकाळी उघडताच गाठावे. उन्हे वर आली की पांडा झोपी जातात. चीनमधील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा दिवस ठरवण्यापूर्वी वार तपासावा.

प्रश्न : आम्हाला गांधी जयंतीला जोडूनच रजा मिळते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हीच सहल करता येईल का?

उत्तर : शक्यतो करू नये. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन आहे आणि त्याला जोडून आठवडाभर सुट्टी असते. रेल्वे आणि संग्रहालये दोन्ही भरून जातात, आणि काचेसमोर दोन मिनिटे शांतपणे उभे राहणेही अवघड होते. १ मेच्या आसपासचे दिवस, चांद्र नववर्ष आणि जुलै-ऑगस्टमधील शाळांची सुट्टी यांबाबतही हेच सांगेन. रजा दोन आठवडे पुढे ढकलता येत असेल, तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध हवेच्या दृष्टीनेही सुखद असतो.