मसाला घरचा, भाजी तिथल्या मातीतली

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलं शाळेत जातात. भारतीय किराण्याचं दुकान बरंच लांब आहे. तिथे मिळणारी गवार, तोंडली, पडवळ महाग असतात आणि बहुतेक वेळा सुकलेली. शेवटी पास्ता किंवा खिचडी एवढंच होतं. रोजच्या धावपळीत आपल्या चवीचं जेवण कसं जमवावं?

उत्तर : आधी गवार-तोंडलीचा नाद सोडा, असं मी अगदी मनापासून सांगते. हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या पडवळापेक्षा तुमच्या गावच्या बाजारात आज सकाळी आलेली भाजी केव्हाही चविष्ट लागते, आणि हंगामात असली की स्वस्तही मिळते. आपल्या जेवणाची चव येते ती फोडणीतून, गोड्या मसाल्यातून आणि आपल्या करण्याच्या रीतींतून. पीठ पेरून भाजी, ताकातली पातळ भाजी, भरीत, डाळ घालून परतलेली भाजी आणि थालीपीठ या पाच रीती हाताशी असल्या, तर जगातल्या कुठल्याही बाजारात तुम्ही अडणार नाही.

झुकिनी घ्या. उन्हाळ्यात युरोप-अमेरिकेत ती ढिगाने येते, आणि नुसती शिजवली तर पाणीपाणी होते. तिला पीठ पेरा. नेहमीची फोडणी, त्यात कांदा, मग जाडसर चिरलेली झुकिनी मोठ्या आचेवर परता. मीठ अगदी शेवटी, कारण ते आधी घातलं की पाणी सुटतं. वरून भाजलेलं बेसन भुरभुरवून झाकण ठेवा आणि एक वाफ काढा. सुटलेलं पाणी बेसन पिऊन घेतं आणि भाजी मोकळी, खमंग होते. उरलेली झुकिनी किसून थालीपिठात घाला, पीठ भिजवायला वेगळं पाणी लागणारच नाही. भाजणी संपली असेल तर राय (गव्हासारखं एक धान्य), बेसन, तांदूळ आणि गव्हाचं पीठ कोरडंच खमंग भाजून घ्या, धणे-जिऱ्याची पूड घाला. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात रायचं पीठ कुठल्याही दुकानात मिळतं, आणि त्याचा किंचित आंबूस, मातकट स्वाद थालीपिठाला शोभतो.

थंडी सुरू झाली की केल आणि स्विस चार्ड येतात. चार्डची ताकातली पातळ भाजी मला तर पालकाइतकीच आवडते. देठ बारीक चिरून आधी शिजवा, पानं मागाहून. वाटीभर दह्याला दोन चमचे बेसन लावून घुसळा म्हणजे ताक फुटत नाही. भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे हवेतच. केल मात्र चिवट असते, मधला दांडा काढून पानं अगदी बारीक चिरा आणि थोडी जास्त वेळ शिजवा. ब्रसेल्स स्प्राउट्सचं उलट आहे. ते जास्त शिजले की गंधकाचा वास सुटतो आणि मुलं ताट सरकवतात. कोबीसारखे उभे चिरा, हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ घालून उघड्यावर भराभर परता, खोबरं पेरा, उतरवा.

भोपळ्याबद्दल एक सूचना. ऑक्टोबरात अमेरिकेत कोरायला म्हणून जे मोठे भोपळे विकायला येतात ते पाणचट असतात, ते भरतासाठी घेऊ नका. बटरनट घ्या, किंवा होक्काइडो. होक्काइडोची साल शिजून मऊ होते, सोलायची गरज नाही. ओव्हनमध्ये भाजा, कुस्करा, दही आणि फेसलेली मोहरी घाला, झालं भरीत. त्याच गरात गूळ आणि कणीक मिसळली की रविवारी घारगे होतात. युरोपात वसंतात हिरवी शतावरी, म्हणजे ॲस्परॅगस, येते, तीही आणा. जर्मनीत तिचा हंगाम परंपरेने 24 जूनला संपतो, तोवर फरसबीसारखी ओलं खोबरं घालून करून घ्या.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मंडळींचं ऋतुचक्र उलटं. तुमची दिवाळी वसंतात येते आणि संक्रांत भर उन्हाळ्यात. म्हणजे भोगीच्या भाजीला वांगी, फरसबी, मका सगळं ताजं मिळेल. उत्तरेकडच्या घरांनी जानेवारीत गाजर आणि पांढऱ्या गाजरासारखं दिसणारं पार्सनिप घ्यावं, मटार खुशाल फ्रोझन घ्यावेत, आणि तिळाचं कूट सढळ हाताने घालावं. त्या दिवसांत जे पिकतं ते एकत्र शिजवायचं, हीच तर भोगीची रीत आहे. त्यामुळे पार्सनिप घातल्याने भोगीत काही उणं येत नाही.

आता फोडणी, कारण परदेशातल्या स्वयंपाकघरात बिनसतं ते बहुतेक इथेच. साध्या विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. त्यामुळे फोडणी करताना नुसतं बटण फिरवून भागत नाही, भांडं उचलून बाजूला ठेवावं लागतं. इंडक्शन झटकन तापतं आणि पातळ बुडाचं भांडं मध्येच जळतं, म्हणून जाड बुडाचं घ्या आणि आच मध्यम ठेवा. आपली छोटी पळी बऱ्याच इंडक्शन शेगड्या ओळखतच नाहीत, तेव्हा भाजी ज्या भांड्यात करायची त्यातच फोडणी करा. तेल तापलं का हे मोहरीचे दोन-तीन दाणे टाकून पाहा. तडतडले की बाकीची मोहरी, ती फुटली की भांडं आचेवरून उतरवा. मग जिरं, हिंग, पुसून कोरडा केलेला कढीपत्ता, आणि सगळ्यात शेवटी हळद-तिखट, कारण ते पटकन करपतात. पंखा तेल तापायच्या आधीच सुरू करा. धुराचा अलार्म बहुतेकदा वाजतो तो तेल जास्त तापल्यामुळे.

गोडा मसाला आईने किलोभर दिला असेल तर महिन्यापुरता बाटलीत काढा आणि बाकीचा घट्ट डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा. शेगडीच्या वरच्या फळीवर मसाले ठेवणं आजच बंद करा, उष्णता आणि वाफेने त्यांचा वास उडतो. शक्य तिथे धणे-जिरे अख्खे आणा आणि थोडे थोडे कुटा. कढीपत्ताही फ्रीझरमध्ये छान टिकतो. तो भारतातून सामानात मात्र आणू नका; लिंबूवर्गीय झाडांना रोग देणारी कीड त्यावरून पसरते, म्हणून अमेरिका-ऑस्ट्रेलियात त्याला मनाई आहे. खसखशीवर सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे, तिकडे जाणाऱ्यांनी मसाल्यात ती घातली आहे का हे आधी आईला विचारावं.

डाळ शिजत नाही ही तक्रारही वरचेवर येते. लंडनसारख्या शहरांत पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीला वेळ लागतो. तूरडाळ तासभर तरी भिजवा, आणि चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही आंबट डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. वाटीभर डाळीच्या आमटीला दीड चमचा गोडा मसाला पुरतो.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करू नका, तुम्ही दमून जाल. भाजी-आमटी तिखट न घालता करा, मुलांची वाढून घ्या, आणि मोठ्यांच्या वाट्याला वरून लाल मिरचीची फोडणी द्या. शनिवारी बाजारात मुलांना एक भाजी निवडू द्या. स्वतः आणलेली भाजी मुलं चाखून तरी पाहतात. डब्याच्या बाबतीत मात्र शाळेचे नियम नीट वाचा. अनेक शाळांत शेंगदाणे चालत नाहीत, आणि युरोपीय संघाच्या ॲलर्जीच्या यादीत मोहरी आणि तीळही आहेत. हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा ग्लुटेन न चालणारा मित्र जेवायला येणार असेल तर डबीवरचं लेबल आधी वाचून ठेवा.

शेवटी, एप्रिल ते जून ब्रिटनमध्ये आणि उत्तर युरोपात सगळीकडे दिसणाऱ्या रुबार्बचा, म्हणजे आंबट दांड्यांच्या भाजीचा, मेथांबा. फक्त दांडे घ्यायचे, पानं विषारी असतात, ती टाकून द्या. पाव किलो दांड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. दोन चमचे तेलात मोहरी, पाऊण चमचा मेथ्या लालसर होईपर्यंत, हिंग, हळद. तुकडे घाला, पाणी घालू नका, झाकण ठेवून पाच मिनिटं पुरतात, कारण रुबार्ब कैरीपेक्षा लवकर विरघळतो. मग शंभर-सव्वाशे ग्रॅम गूळ, मीठ, अर्धा चमचा तिखट, आणि गूळ विरघळून रस जरा दाटला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो, आणि भाजी करायला वेळ नसेल त्या संध्याकाळी गरम पोळीबरोबर तेवढा एकटाही पुरतो.