चारचौघांतली भीती आणि दुखण्याची गोळी

भाऊ, तुझ्याएवढा माझा पुतण्या आहे, म्हणून 'तू' म्हणूनच लिहितो.

तुझं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मोटरसायकलवरून पडून तुझं खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या दिल्या. त्याच दिवसांत मामेबहिणीच्या लग्नात तू आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांशी मोकळेपणानं बोललास. आता हाड जुळून आठ महिने झाले, पण लग्न, ग्रामसभा, बँक, कुठंही जायचं म्हटलं की गोळी लागते. दिवसाला तीन-चार होतात. पंधरा दिवसांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांना तू फक्त 'घाबरायला होतं' एवढंच सांगितलंस, आणि त्यांनी एस्सिटालोप्राम ही भीती-उदासीवरची गोळी सुरू केली. तू विचारतोस, "औषधच तर आहे, दारू थोडीच आहे?"

सगळ्यात आधी घाईचं सांगतो. या दोन गोळ्या एकत्र चालू आहेत हे त्या डॉक्टरांना माहीत नाही, आणि तिथंच धोका आहे. दोन्ही गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात. एकत्र घेतल्या की ते प्रमाणाबाहेर जाऊ शकतं, शिवाय मिरगीसारखा झटका येण्याची शक्यताही वाढते. खूप घाम, ताप, अंगाची थरथर, पाय आखडणं, पातळ संडास, बरळल्यासारखं बोलणं, यातलं काही एकदम सुरू झालं तर सकाळची वाट पाहू नकोस. १०८ ला फोन लाव आणि दोन्ही गोळ्यांची नावं सांग. तसं काही नसलं, तरी आज-उद्यात डॉक्टरांना गाठ. यातली कुठलीही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस. का ते पुढं येतंच.

आता माझं. मी वर्धा जिल्ह्यातला. बारा वर्षं एका जिनिंगमध्ये काट्यावर मुनीम होतो. कापसाची गाडी काट्यावर चढायची, वजन व्हायचं आणि मी पावती लिहायचो. समोर पाच-सहा जण, सगळ्यांची नजर माझ्या पेनाच्या टोकावर. त्यांचं वर्षभराचं पीक त्या आकड्यात असायचं, त्यांनी पाहणं साहजिकच होतं. पण माझा हात कापायचा. एकदा एक म्हातारबा म्हणाले, "मुनीमजी, हात काहून कापून राह्यला? थंडी वाजून राह्यली का?" त्यांनी आपुलकीनं विचारलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पावत्यांवर नाव-गाव घरूनच लिहून नेऊ लागलो, म्हणजे समोर फक्त आकडा टाकावा लागेल.

पुढे कमरेची गादी सरकली आणि ट्रॅमाडॉल मिळाली. पहिल्याच आठवड्यात कळलं की कमरेबरोबर हातही शांत झाला. छातीतली धडधड नाही, घसा कोरडा नाही, कोणी बघत असलं तरी काही वाटत नाही. म्हणून तुझं म्हणणं मला पटतं. तुझा तो लग्नातला अनुभव खोटा नव्हता. ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामक आहे, आणि त्याच वेळी ती सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या मेंदूतल्या रसायनांवरही काम करते. दुखणं आणि भीती दोन्ही मऊ पडणारच.

पण ती चार-सहा तासांत उतरते. मला कळायला दोन वर्षं लागली ती गोष्ट इथंच आहे. रोज घेणाऱ्याच्या शरीराला गोळीची सवय होते. मग ती उतरताना जे होतं, म्हणजे छाती धडधडणं, घाम, जीव घाबरा होणं, कोणाचीच नजर नकोशी वाटणं, ते हुबेहूब आपल्या जुन्या भीतीसारखं दिसतं. ट्रॅमाडॉलच्या बाबतीत तर काहींना हातापायाला मुंग्या येतात, विनाकारण संशय येतो, पॅनिक होतो. मी समजायचो, आपला आजारच वाढला. म्हणून अजून एक गोळी. ती घेतली की बरं वाटायचं, आणि आपला समज पक्का व्हायचा. पूर्वी मला भीती फक्त काट्यावर वाटायची. दोन वर्षांनी घरी पोरीच्या मैत्रिणी आल्या तरी मी मागच्या दारानं वावरात जायचो. तू लिहिलंस ना, की "आता तर गोळीशिवाय घरातल्यांशीही बोलवत नाही"? ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यातला मोठा वाटा गोळीच्या उतारीचा आहे, तुझ्या स्वभावाचा नाही.

दारूशी तुलना केलीस म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. दारू पिऊन आलेला माणूस वासानं कळतो, बायको ओरडते, आई रडते, गावात बोभाटा होतो. गोळीला वास नाही. मी दोन वर्षं घेत होतो आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता, उलट 'आता बरा बोलतो' म्हणून सगळे खूश होते. आणि गोळीवर दारू किंवा मोहाची घेतली, किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घेतली, तर झोपेतच श्वास मंदावत जाऊन माणूस जातो. लग्नात कोणी आग्रह केला तरी नाही म्हण. आणि तुझ्या गोळीत पॅरासिटामॉल आहे, तेव्हा तापाची वेगळी गोळी वरून घेत जाऊ नकोस, लिव्हरवर येतं.

मला झटका आला तो दिवाळीनंतर, ऐन कापसाच्या हंगामात. ओसरीवर चहा पीत होतो, एवढंच आठवतं. बायकोनं नंतर सांगितलं की कप हातातून पडला, डोळे फिरले, अंग ताठ झालं. शेजाऱ्यांनी मिरगी समजून कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली. माझी पोर तेव्हा दुसरीत होती, ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ट्रॅमाडॉलनं झटका येतो तो फक्त ढीगभर खाणाऱ्यालाच असं नाही, डॉक्टरी मात्रेतही आल्याची उदाहरणं आहेत, आणि डोस वाढला की धोका वाढतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या घेतात का? मी नाही म्हणालो. तेव्हा बायकोनं पिशवी टेबलावर रिकामी केली. गादीखालचे गोळ्यांचे रिकामे पत्ते, सगळेच. ती त्यांच्यासमोर एवढंच म्हणाली, "तुमी मले सांगतलं असतं त."

औषधाच्या एका दुकानदारानं मला चिठ्ठी न मागता ते दिले होते. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. एप्रिल २०१८ पासून ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आली. हे वाचून घाबरू नकोस. त्याच कायद्याचं कलम ६४अ स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला येणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या मात्रेच्या बाबतीत, खटल्यापासून संरक्षण देतं. डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलिस येतील ही भीती मलाही होती. ती मनातून काढून टाक.

सोडताना एकदम तोडायची नसते. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात, किंवा दुसऱ्या औषधाचा आधार देतात. तरी त्रास होतो. जांभयांवर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोट बिघडणं, आणि रात्री पाय असे ओढतात की माणूस अंगणात फेऱ्या मारतो. माझे सहा आठवडे गेले. प्रत्येक आठवड्याला थोडं कमी व्हायचं आणि पहिले दोन-तीन दिवस जड जायचे.

मग मूळ भीतीचा इलाज सुरू झाला. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीला असर दाखवायला काही आठवडे लागतात, ती तासाभरात काही करत नाही. म्हणूनच तुला ती 'बेकार' वाटली असणार. तिला वेळ दे, पण डॉक्टरांना सगळं माहीत झाल्यावर. तिच्याबरोबर समुपदेशक बाईंनी मला एक यादी करायला लावली. सगळ्यात कमी भीतीची गोष्ट खाली, जास्तीची वर. खाली होतं टपरीवर चहा मागणं. मग एसटीत कंडक्टरला सुट्टे मागणं. मग बँकेत कारकुनासमोर सही, पेन मुद्दाम सावकाश चालवत. त्यांची अट एकच होती, भीती वाटली की पळायचं नाही, ती आपोआप ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं. गोळी घेऊन मी शेकडो पावत्या लिहिल्या होत्या, पण ती आपोआप ओसरते हे मला कधी दिसलंच नव्हतं, कारण दरवेळी गोळी आधी पोचायची.

यादीत सगळ्यात वर होती पंगत. हनुमान जयंतीला गावात रोडग्यांचा महाप्रसाद असतो. मी वांग्याच्या भाजीची बादली उचलली. पहिल्या ओळीत हात इतका कापत होता की ओगराळं बादलीच्या काठावर खटखट वाजत होतं. एका माणसाच्या धोतरावर रस्सा सांडला. तो म्हणाला, "राहू दे बावा, इकडं अजून वाढ." आणि परत जेवायला लागला. दुसऱ्या ओळीत मी पहिल्यांदा लोकांकडे नीट पाहिलं. सगळे पत्रावळीकडे बघत होते, कोणी रोडगा कुस्करत होतं, कोणी तूप येतं का ते बघत होतं. माझ्या हाताकडे कोणी नाही. चौथ्या ओळीला खटखट थांबली होती. केव्हा थांबली ते मलाही कळलं नाही.

हात आजही कधीकधी कापतो. मी लिहीत राहतो.

कुठं जायचं ते सांगतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. सेवाग्रामला आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहेत. घरचे म्हणतील, "नागपूरच्या पागलखान्यात नेऊन राह्यले का?" त्यांना सांग, ओपीडीत दाखवायला जातोय आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतोय. जाणं लगेच जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे.

आणि डॉक्टरांसमोर तोंड उघडणार नाही हे मला माहीत आहे. माझंही उघडलं नव्हतं. म्हणून आज रात्रीच एका कागदावर लिही: "मी आठ महिन्यांपासून रोज ट्रॅमाडॉलच्या तीन-चार गोळ्या घेतो. दुखण्यासाठी नाही, लोकांची भीती वाटते म्हणून. तुमची एस्सिटालोप्रामही चालू आहे. मला ट्रॅमाडॉल सोडायची आहे." गोळ्यांचे पत्ते, भरलेले-रिकामे सगळे, पिशवीत घे. आत गेल्यावर कागद आणि पिशवी टेबलावर ठेव. पुढचं ते विचारतील.