लेक पुण्याला निघाली, फोटो कोणाकडे?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात चौघांच्या फोनवर एकच जीमेल, तेही ताईंच्या नावाचं. लेकीला अठरा पूर्ण झाली, आता ती इंजिनीअरिंगला पुण्याला निघाली आहे. तिच्या फोनमधले स्क्रीनशॉट आपोआप ताईंच्या फोनवर दिसले. त्यात मैत्रिणीशी केलेलं चॅट होतं, ते ताईंनी वाचलं. "आई, तू माझं काहून पाहतेस?" असं म्हणून लेकीने त्याच रात्री आपल्या फोनमधून ते खातं काढून टाकलं. ताई विचारतात, "स्टोरेजचे पैसे आम्ही भरतो, मग आमच्यापासून लपवायचं काय? आणि तिचे लहानपणचे फोटो गेले तर?"

ताई, आधी फोटोंचं सांगते, कारण त्या धास्तीने तुमची झोप उडालेली दिसते. फोनमधून खातं काढलं म्हणून गूगल फोटोजवर चढलेले फोटो पुसले जात नाहीत. खरा धोका वेगळाच आहे. एकाच खात्यावर चौघं असताना धाकट्याने जागा करायला म्हणून तिथले फोटो उडवले, तर ते चौघांचेही उडतात. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, मग कायमचे जातात. त्याला आजच सांगून ठेवा.

आता लेकीचं. चॅट वाचलंत, हे चुकलं. मुद्दाम उघडलं नव्हतं हे मला मान्य आहे, पण पहिल्या ओळीनंतर थांबता आलं असतं. तिला तसं सरळ सांगा आणि "पण तू..." असं पुढे जोडू नका. जागेचे पैसे तुम्ही भरता म्हणून तिचं बोलणं वाचायचा हक्क मिळत नाही.

पैसे वाचवायला एकच खाते लागतं असंही नाही. गूगलवर फॅमिली ग्रुप करा. तुमच्याशिवाय आणखी पाच जण त्यात येतात, विकत घेतलेली जागा सगळे वापरतात आणि प्रत्येकाचे मेल, फोटो ज्याच्या त्याच्याकडे राहतात. लेकीला तिचं खातं तिच्याच नंबरवर उघडू द्या. रिकव्हरीला बाबांचा नंबर नको, नाहीतर पुण्यात अडली की ओटीपी नागपुरात येऊन पडेल. सीईटी, कॉलेज, बँक, जिथे जिथे तुमचा जीमेल दिला आहे तिथे तिचा नवा घाला. हे काम किचकट आहे, पण ती घरी आहे तोवर उरकाच. फीची एखादी सूचना तुमच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली तर पंचाईत तिची होईल.

नेटफ्लिक्सवर तिचं प्रोफाइल असेल तर तेही तिला स्वतःच्या नव्या खात्यावर हलवता येतं, २०२२ पासून ती सोय आहे.

धाकटा पंधराचा, म्हणजे त्यालाही वेगळं खातं द्यायला हरकत नाही. त्याच्यावर थोडं लक्ष ठेवावं असं मलाही वाटतं. मात्र काय पाहणार, ते त्याला आधी सांगून.

राहिले जुने फोटो. एक अल्बम करून तिच्यासोबत शेअर करा, म्हणजे तिला ते आपल्या खात्यात सेव्ह करता येतील. निवडायला दोघी सोबत बसा. तान्ह्या पोळ्याला झालर लावलेला लाकडी नंदी ओढत गल्लीभर फिरलेली ती, असा एखादा फोटो तुमच्याकडे असेलच. सुरुवात त्याच्यापासून करा.