नागपुरात घराच्या बॅकअपसाठी आणि कॅम्पिंगसाठी एकच पॉवर स्टेशन घ्यायचं असेल तर कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मानेवाड्याकडे टू बीएचके फ्लॅट, उन्हाळ्यात रात्री-बेरात्री लाईन जाते, आणि हिवाळ्यात मुलांना घेऊन पेंच किंवा चिखलदऱ्याच्या बाजूला तंबू ठोकायला जाता. दोन्हीसाठी एकच पोर्टेबल पॉवर स्टेशन हवंय, म्हणजे आत बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही असलेला, उचलून नेता येणारा डबा. ५०० वॉटचं पुरेल की थेट २००० चं घ्यावं?

माझं मत आधीच सांगतो. साधारण १००० वॉट-तास साठ्याचं, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं, प्युअर साइन वेव्ह म्हणजे घरच्या लाईनसारखीच वीज देणारं, २३० व्होल्टचं घ्या. आकार ठरवताना कॅम्पिंगचा विचार करूच नका, मे महिन्यातली रात्र धरून ठरवा. तंबूत लागते ती वीज फार थोडी असते. खरी कसोटी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत लागते, रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात तेव्हा.

तुम्ही '५०० वॉट' लिहिलंय आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. वॉट म्हणजे मशीन एका वेळी किती भार ओढेल. वॉट-तास म्हणजे आत साठा किती आहे. विकणारे यातला मोठा दिसणारा आकडा डब्यावर ठळक छापतात. काही जण त्याहून पुढे जाऊन '६०,००० एमएएच' असं लिहितात. अशा वेळी मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं लेबल वाचायचं. बहुतेकदा हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणून ६० अँपिअर-तासाला ३.७ ने गुणायचं. येतात २२२ वॉट-तास. एवढ्यात मोठा कूलर जेमतेम तासभर चालतो. लेबलवर वॉट-तास दिलेलेच नसतील तर ती वस्तू घेऊ नका.

आता घरचा हिशेब. साठ्यातला साधारण १५ टक्के भाग इन्व्हर्टरमध्येच जातो, त्यामुळे १००० वॉट-तासांतले ८५० हाती येतात असं धरा. जुना सीलिंग फॅन ७०-७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी फॅन ३० च्या आसपास. राउटर १०-१५, एलईडी बल्ब ९. दोन बीएलडीसी फॅन, राउटर आणि दोन दिवे मिळून ९० वॉट होतात, म्हणजे अख्खी रात्र निघते. तेच दोन जुने फॅन असतील तर पाच तासांवर गाडी जात नाही. म्हणून पॉवर स्टेशनच्या आधी फॅन बदला असं मी सगळ्यांनाच सांगतो. त्या पैशांत बॅकअप जवळपास दुप्पट होतो, बिल कमी येतं ते वेगळंच.

पण नागपुरात नुसत्या फॅनवर मे निघत नाही, कूलर लागतोच. आमच्याकडचा मोठा कूलर पंपासकट १७० वॉट घेतो. प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर मिळतं, त्यावर मी मोजलंय. तुमचा कूलर किती खातो तेही असंच मोजा, कारण कूलरच्या मोटरमध्ये फार फरक असतो. १७० धरला तर पाच तास मिळतात. रात्री दीड-दोन तास लाईन जात असेल तर हे भरपूर झालं. शिवाय सुरू होताना मोटर क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे इन्व्हर्टर निदान १००० वॉटचा असू द्या. फ्रीजही त्यावर चालतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर मधूनमधूनच चालत असल्याने सरासरी खप दिसतो त्याहून खूप कमी असतो. एसी, गीझर, इंडक्शन विसरा. त्यांच्या नादानं २००० वॉट-तासांचं घ्याल तर वजन आणि किंमत दोन्ही दुप्पट होतात, आणि एसी तरीही तासाभराच्या आसपासच चालतो.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते उन्हाबद्दल. अशा मशीनची परीक्षणं बहुतेक थंड देशांतली असतात, त्यामुळे तिकडे शून्याखाली बॅटरी कशी वागते यावर चर्चा चालते. आपली अडचण नेमकी उलटी. लिथियम बॅटरी चार्ज करायची कमाल मर्यादा साधारणपणे ४५ अंश असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ ला टेकतो. पश्चिमेच्या बाल्कनीत किंवा टेरेसच्या खोलीत ठेवलेलं मशीन दुपारी चार्ज होणं बंद करेल किंवा सतत पंखा फिरवत बसेल. बिघाड म्हणून लोक ते दुकानात नेतात, पण ते स्वतःला जपत असतं. ठेवायचं तर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर. कूलरच्या वाऱ्याच्या थेट झोतात मात्र नको, त्या वाऱ्यात ओल असते. आणि उन्हात बंद केलेल्या कारच्या डिकीत तर कधीच ठेवू नका. आतलं तापमान ६० च्या वर जातं आणि बॅटरीचं आयुष्य तिथंच घटतं.

म्हणूनच एलएफपीचा आग्रह. जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये एनएमसी हे दुसऱ्या प्रकारचे लिथियम सेल असतात. ते हलके असतात, पण ५०० ते ८०० वेळा चार्ज झाल्यावर उतरायला लागतात. एलएफपीचे ३००० च्या आसपास होतात, आणि जास्त तापलं तर पेट घेण्याचा धोकाही त्यात बराच कमी. घरात, मुलं झोपतात त्या खोलीशेजारी ठेवायची वस्तू आहे, इथे किलो-दोन किलो वजन वाचवण्यात अर्थ नाही. हजारचं एलएफपी मशीन ११ ते १४ किलोचं भरतं, एक माणूस गाडीपर्यंत नेऊ शकतो. बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी आहे का तेही पाहा. लिथियम बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे आणि त्याचा उल्लेख लेबलवर असतो.

अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा येताना घेऊन येईल असा विचार असेल तर तो सोडून द्या. तिकडची मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात, आपला फॅन त्यावर धड फिरणार नाही. आणि एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येतच नाही. १६० वॉट-तासांच्या वर सामानात परवानगी नसते.

सीताबर्डीच्या बाजारातला दुकानदार तुम्हाला म्हणेल, एवढ्या पैशांत साधा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी येईल, वर पैसे उरतील. खरं बोलतो तो. कागदावर १८०० वॉट-तास, प्रत्यक्षात हजार-बाराशे हाती येतात आणि घरच्या वायरिंगला जोडल्यामुळे फॅन आपोआप सुरू राहतात. तुमचं कॅम्पिंग वर्षातून एखादंच असेल तर मीही तेच घ्या म्हणेन आणि तंबूसाठी एक मोठी पॉवर बँक घ्या. पॉवर स्टेशनचा पैसा वसूल होतो तो उचलून नेता येतं म्हणून. भाड्याचं घर असेल, वायरिंगला हात लावता येत नसेल, किंवा घरात एखादं मशीन रात्री थांबून चालणार नसेल, तर त्याला तोड नाही.

माझ्या घरी हे तिसरं कारण आहे. बाबांना झोपेत सीपॅप लागतं, म्हणजे श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. इथे यूपीएस मोड असलेलंच मॉडेल घ्यावं. लाईन गेल्यावर १०-२० मिलिसेकंदांत ते बॅटरीवर जातं आणि बाबांना कळतही नाही. सीपॅपच्या ह्युमिडिफायरची उष्णता बंद केली तर खप निम्म्याच्या खाली येतो, कंपनीचा डीसी ॲडॉप्टर वापरला तर आणखी कमी. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: लाईन असताना यूपीएस मोडमध्ये भिंतीतलं व्होल्टेज जसंच्या तसं पुढे जातं. उन्हाळ्यात संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर फ्रीजला स्टॅबिलायझर लागेलच.

गच्चीवर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर असेल तरी बॅकअप वेगळा लागतो, हेही सांगून ठेवतो. महावितरणची लाईन गेली की लाइनमनच्या सुरक्षेसाठी ती यंत्रणा आपोआप बंद पडते, भर दुपारीसुद्धा. आणि याच कारणासाठी कळकळीची विनंती: दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून पॉवर स्टेशनची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी सोडू नका. मेन स्विच बंद करायला एकदा विसरलात की ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते, आणि तिथे खांबावर कोणी काम करत असेल तर त्याच्या जिवावर बेतेल. फॅन, कूलर सरळ एक्सटेन्शन बोर्डवर लावा.

कॅम्पिंगचं थोडक्यात. एक फोन पूर्ण चार्ज व्हायला २०-२५ वॉट-तास लागतात, तंबूतला दिवा ५-१० वॉट. दोन रात्री हजारात आरामात निघतात, अगदी छोटा कार फ्रीज धरला तरी. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून जेमतेम १०० वॉट मिळतात, म्हणजे नागपूर ते चिखलदरा या पाच तासांत साठा निम्माही भरत नाही. घरूनच भरून निघा. घडीचं १०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात ६०-७० वॉट देतं, आणि झाडाच्या सावलीत टाकलं तर जवळपास काहीच नाही. तुमच्या दोन रात्रींसाठी मी ते घेणार नाही. पावसात आणि दवात मशीन तंबूच्या आत ठेवा, बहुतेक मॉडेल वॉटरप्रूफ नसतात.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी घ्या. पूर्ण चार्ज करा, वॉटमीटरमधून कूलर लावा, सुरू केल्याची वेळ लिहून ठेवा आणि बंद पडेपर्यंत चालू द्या. १७० वॉटच्या कूलरवर पाच तासांच्या आसपास चाललं तर माल खरा. साडेतीन-चार तासांत मान टाकली, तर वॉटमीटरवरच्या युनिटचा फोटो काढून ठेवा आणि परत पाठवा.