स्प्रिंगला लटकवलेला गोळा चंद्रावर सावकाश हलेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: लंबक चंद्रावर मंदावतो हे पटतं, पण स्प्रिंगला उभा टांगलेला गोळा तिथेही पृथ्वीवरच्याच गतीने खाली-वर होतो म्हणतात, हे कसं? गुरुत्वाकर्षण सहापट कमी झालं, तर त्याचा परिणाम गेला कुठे?

परिणाम होतो, पण दोलनकालावर, म्हणजे एकदा खाली-वर होऊन परत यायला लागणाऱ्या वेळावर, नाही. गोळा ज्या जागेभोवती हलतो ती जागा तेवढी सरकते. आकडे घेऊनच बघू. गोळा २०० ग्रॅमचा, आणि स्प्रिंग अशी की दर सेंटीमीटर ताणायला ०.२ न्यूटन बल लागतं, म्हणजे स्थिरांक २० न्यूटन प्रतिमीटर. पृथ्वी या गोळ्याला १.९६ न्यूटनने ओढते, म्हणून स्प्रिंग ९.८ सेंटीमीटर ताणून गोळा स्थिर होतो. चंद्रावर ओढ जेमतेम ०.३२ न्यूटनची, ताण फक्त १.६ सेंटीमीटर.

आता पृथ्वीवर गोळा आणखी २ सेंटीमीटर खाली ओढा. स्प्रिंगचा एकूण ताण ११.८ सेंटीमीटर, वर खेचणारं बल २.३६ न्यूटन. त्यातले १.९६ न्यूटन गोळा पेलण्यातच खर्ची पडतात. त्याला परत वर नेणारं बल उरतं ०.४ न्यूटन. हाच हिशोब चंद्रावर करा: ताण ३.६ सेंटीमीटर, बल ०.७२, पेलण्यात गेलं ०.३२, उरलं पुन्हा ०.४ न्यूटन. तेच बल, तेच वस्तुमान, म्हणून त्वरणही तेच. गोळा समतोल स्थितीपासून कितीही अंतरावर असो, ही वजाबाकी प्रत्येक क्षणी अशीच होते. दोन्हीकडे दोलनकाल ०.६३ सेकंद. वस्तुमानाला स्प्रिंगच्या स्थिरांकाने भागा, वर्गमूळ काढा आणि २π ने गुणा, की हाच आकडा येतो.

लंबकाचं प्रकरण मुळातच वेगळं आहे. त्याला मध्याकडे परत आणणारं बल खुद्द गुरुत्वाकर्षणाचंच असतं. गोळा जड केला तर ते बल त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे हिशोबातून वस्तुमान निघून जातं आणि गुरुत्व त्वरण मागे राहतं. स्प्रिंगच्या बाबतीत बरोबर याच्या उलट होतं: गुरुत्व त्वरण निघून जातं, वस्तुमान मागे राहतं. पृथ्वीवर १ सेकंदात एक दोलन करणाऱ्या लंबकाला चंद्रावर सुमारे २.५ सेकंद लागतील. ही दोन्ही गणितं शेजारी शेजारी मांडून पाहणं मला पाठ केलेल्या सूत्रापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

इथे एक खाचखळगा आहे. काही पुस्तकांत स्प्रिंगच्या दोलनकालाच्या सूत्रात वर्गमूळाखाली ताण भागिले गुरुत्व त्वरण असं दिलेलं असतं, आणि ते पाहून विद्यार्थी ठामपणे म्हणतात की गुरुत्वाकर्षणाचा संबंध आहेच. सूत्र बरोबर आहे, उपयोगीही आहे. नुसता ताण पट्टीने मोजून घड्याळाशिवाय दोलनकाल सांगता येतो. ताण २५ सेंटीमीटर असेल तर जवळपास १ सेकंद. पण चंद्रावर गुरुत्व त्वरण ज्या पटीत घटतं, त्याच पटीत ताणही घटतो. भागाकार जिथल्या तिथे राहतो.

मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो अंतराळातला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात तराजू किंवा वजनकाटा काहीच कामाचा नाही, पण स्प्रिंगला तिथे काहीच अडचण नसते. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकात अंतराळवीरांचं वस्तुमान असंच मोजत: स्प्रिंगवर झुलणाऱ्या खुर्चीत माणसाला घट्ट बसवायचं, खुर्ची सोडायची आणि दोलनकाल मोजायचा. काळ वाढला की वस्तुमान वाढलं. मात्र वर्गमूळामुळे काळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढत नाही. काळ दुप्पट व्हायला वस्तुमान चौपट व्हावं लागतं.

प्रयोग स्वतः करणार असाल (करा, फार सोपा आहे) तर स्प्रिंगचं स्वतःचं वस्तुमान विसरू नका. तिचं खालचं टोक गोळ्याबरोबर हलतं, वरचं जागेवर असतं, मधले वेढे त्या प्रमाणात कमी-अधिक वेगाने. या सगळ्यांच्या गतिज ऊर्जेची बेरीज केली तर स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग गोळ्यात मिळवावा लागतो. स्प्रिंग गोळ्याच्या मानाने हलकी असेल तोवर हे चांगलं जुळतं. दोलनकालाच्या वर्गाचा वस्तुमानाशी आलेख काढलात की रेषा शून्यातून जात नाही, ती याचमुळे.

आता तुमच्या शंकेत जे खरंच तथ्य आहे ते. वरचा सगळा हिशोब स्प्रिंग बलाच्या प्रमाणातच ताणली जाते यावर उभा आहे. वेढे एकमेकांना चिकटलेली नेहमीची स्प्रिंग ताणता येते, दाबता येत नाही. पृथ्वीवर गोळा ३ सेंटीमीटर ओढून सोडला तर वर गेल्यावरही स्प्रिंगमध्ये ६.८ सेंटीमीटर ताण शिल्लक असतो, काही बिघडत नाही. चंद्रावर मुळात ताणच १.६ सेंटीमीटर. तिथे ३ सेंटीमीटर ओढून सोडलात तर वर जाताना वेढे एकमेकांवर आदळतील, आणि मग ती सरल आवर्त गती (परत आणणारं बल अंतराच्या प्रमाणात असलेली दोलनं) राहणार नाही. चंद्रावर आयाम, म्हणजे मधल्या जागेपासून गोळा ओढण्याचं अंतर, १ सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, ०.६३ सेकंदच मिळतील.