वाचकांचे प्रश्न: पाइपिंगची शॉप ड्रॉइंग शिकायचीत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी चिंचवडला राहतो, डिप्लोमा मेकॅनिकल झालाय आणि सहा वर्षं चिलर प्लांटच्या (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेच्या) पाइपिंगच्या साइटवर सुपरव्हायझर आहे. ड्रॉइंग वाचता येतं पण काढता येत नाही. एका क्लासवाल्याने रेव्हिटचा (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरचा) तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय, त्यात डक्ट, पाइप, इलेक्ट्रिकल, रेंडरिंग सगळं आहे. मला फक्त पाइपची शॉप ड्रॉइंग, म्हणजे ज्यांवरून साइटवर पाइप कापून बसवतात ती, काढायचीत. ऑटोकॅड आधी शिकू की थेट रेव्हिट? वय ३१ आहे, उशीर तर नाही ना झाला?

उत्तर : उशीर अजिबात नाही झालेला दादा. क्लासमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना माउस भराभर चालवता येतो पण फ्लँजचा (पाइप जोडायच्या चकतीचा) बोल्ट घट्ट करायला पान्याला किती जागा लागते ते त्यांना माहीत नसतं, तुम्हाला ते हाताने माहितीये, आणि शॉप ड्रॉइंगमध्ये अर्धं काम तेच आहे.

ऑटोकॅड दोन-तीन आठवडे करा, लेयर, ब्लॉक, एक्सरेफ (दुसऱ्याची फाइल आपल्या ड्रॉइंगला जोडणं), डायमेन्शन एवढंच, कारण आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरवाल्यांच्या फायली बऱ्याचदा त्यातच येतात आणि त्या साफ करून घ्याव्या लागतात. मग सरळ रेव्हिट. रेंडरिंग सोडा, तुमच्या कामाचं नाही ते. फक्त स्वस्त पडतं म्हणून रेव्हिट एलटी घेऊ नका, त्यात पाइप काढायची टूल्सच नाहीत.

आता रेव्हिटमध्ये पहिल्या दिवशी काय करायचं, तर पाइप काढायचाच नाही. आधी पाइप टाइप बनवायचा आणि त्यातलं राउटिंग प्रेफरन्स भरायचं. तिथे सांगायचं की ५० एनबीपर्यंत (एनबी म्हणजे नॉमिनल बोअर, पाइपचा नावापुरता साइझ) थ्रेडेड फिटिंग, त्यावर वेल्डेड, एल्बो कुठला, टी कुठला, रिड्युसर कुठला. हे न भरता पाइप ओढले की सॉफ्टवेअर जे हाताला लागेल ते फिटिंग टाकतं, स्क्रीनवर छान दिसतं आणि मटेरियल लिस्ट काढली की त्यात गोदामात नसलेल्याच वस्तू निघतात. सिस्टिमही आधीच वेगळ्या करा, चिल्ड वॉटर सप्लाय, रिटर्न, कंडेन्सर, ड्रेन, नंतर रंग आणि टॅग त्यावरूनच लागतात.

मग एक परीक्षा घ्या, मी नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात हीच देते. १०० एनबीचा पाइप काढा, दोन्ही टोकांना ९० अंशाचे लाँग रेडियस एल्बो, आणि एल्बोच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत बरोबर ३००० मिलिमीटर ठेवा. आता मधल्या सरळ पाइपची लांबी बघा. १०० एनबीच्या लाँग रेडियस एल्बोचं सेंटर ते फेस १५२ असतं, म्हणजे ३००० वजा १५२ वजा १५२, उत्तर २६९६ यायला हवं. नाही आलं तर फिटिंगची फॅमिली, म्हणजे रेव्हिटमधला तिचा तयार नमुना, खोटी आहे, तिच्यावर पुढचं काहीच करू नका. आणि २६९६ आलं तरी ती कटिंग लेंथ नाही हं, दोन जॉइंटला ३-३ मिलिमीटर रूट गॅप (वेल्डिंगसाठी सोडायची फट) धरला तर कापायचा २६९०. हा हिशेब तुमच्या वेल्डरला तोंडपाठ असेल, त्याच्याजवळ बसून एकदा सगळ्या साइझचं टेकआउट (फिटिंगसाठी मापातून किती वजा करायचं ते) वहीत लिहून घ्या, ती वही कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कामाला येईल.

सरावाला नेटवरचं घर घेऊ नका. तुम्ही स्वतः बसवलेला एखादा पंप घ्या. टेप घेऊन जा, मापं काढा, आणि त्याचं सक्शन-डिलिव्हरी जसंच्या तसं मॉडेल करा, व्हॉल्व्ह, वाय-स्ट्रेनर, फ्लेक्झिबल, आणि सक्शनचा एक्सेंट्रिक रिड्युसर सपाट बाजू वर ठेवून, कारण नाहीतर तिथे हवा अडकते. मग त्याचा प्लॅन, दोन सेक्शन आणि एक आयसोमेट्रिक शीटवर लावा. प्रत्येक पाइपला साइझ, सिस्टिम आणि लेव्हल, आणि लेव्हल सेंटरची की पाइपच्या तळाची ते स्पष्ट लिहा, साइटवर निम्मी भांडणं यावरून होतात. डायमेन्शन नेहमी कॉलमच्या ग्रिडपासून द्या, भिंतीपासून नको, पाइप लागतो तेव्हा भिंत उभीच नसते बऱ्याचदा. शीट प्रिंट करून तुमच्याच फिटरच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे तुम्हाला प्रश्न विचारेल तिथे ड्रॉइंग कमी पडलंय.

एक गोष्ट सांगते, माझ्या हातून झालेली. सुरुवातीच्या वर्षांत एका शाफ्टमध्ये मी १५० एनबीचे दोन चिल्ड वॉटर रायझर (मजल्यांतून वर जाणारे उभे पाइप) २५० च्या सेंटरने काढले होते. पाइपचा बाहेरचा व्यास १६८, म्हणजे मध्ये मोकळी जागा ८२. इन्सुलेशन ५० मिलिमीटरचं, दोन पाइपांचं मिळून मध्येच १०० लागणार. नेव्हिसवर्क्समध्ये (मॉडेलात काय कशावर आदळतं ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) क्लॅश चेक केला होता, एकही क्लॅश नव्हता, कारण ज्या थ्रीडी व्ह्यूमधून मी फाइल एक्स्पोर्ट केली त्यात इन्सुलेशन बंद करून ठेवलं होतं, आणि जे व्ह्यूत दिसत नाही ते फाइलमध्ये जातच नाही. चार मजल्यांचे पाइप लागल्यावर इन्सुलेशनवाला माणूस मला खाली बोलवायला आला, रागावला नाही, नुसतं इन्सुलेशनच्या नायट्राइल रबराची शीट दोन पाइपांच्या मध्ये धरून दाखवली. चार मजल्यांचे सपोर्ट कापून परत लावले त्या लोकांनी, भर मे महिन्यात. तेव्हापासून इन्सुलेशन मॉडेलमध्ये असल्याशिवाय मी ड्रॉइंग सोडत नाही, आणि फ्लँज शेजारी-शेजारी येत असेल तर त्याचाही व्यास बघते, १५० एनबीचा क्लास १५० (हे प्रेशरचं रेटिंग) फ्लँज २८० च्या आसपास जातो, म्हणजे पाइपच्या हिशेबाने जागा सोडली तर फ्लँज एकमेकांवर चढतात.

प्रश्न : मी नाशिकची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेव्हिट घरी शिकायचंय पण सॉफ्टवेअर परवडत नाही आणि लॅपटॉप ८ जीबीचा आहे. काय करू?

उत्तर : अगं तू विद्यार्थिनी आहेस ना, मग ऑटोडेस्कचं एज्युकेशन लायसन्स फुकट मिळतं, कॉलेजचा पुरावा द्यायचा, एक वर्षाचं असतं आणि शिकत असेपर्यंत रिन्यू होतं. क्रॅक केलेलं टाकू नकोस, व्हायरसचं तर आहेच पण सवयही वाईट लागते. फक्त त्यावर पैशाचं काम करायचं नाही. रॅम मात्र वाढवावी लागेल, १६ जीबीवर सरावापुरतं नीट चालतं, ८ वर प्लँट रूमचं मॉडेल उघडलं की लॅपटॉप अडकतो आणि तुला वाटेल तुझंच काहीतरी चुकतंय. आणि फाइल कुठल्या वर्षाच्या व्हर्जनमध्ये आहे ते लिहून ठेवत जा, नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात परत उघडत नाही, कंपनीत जॉइन झालीस की पहिल्या दिवशी प्रोजेक्टचं व्हर्जन विचार.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीचा, पुण्यात ड्राफ्ट्समन आहे. दुबईची ऑफर आहे. सध्या अमेरिकेच्या प्रोजेक्टची ड्रॉइंग करतो. तिकडे काय वेगळं असतं?

उत्तर : पहिलं म्हणजे फूट-इंच विसरायचं, तिकडे सगळं मिलिमीटरमध्ये. दुसरं, ड्रॉइंग कन्सल्टंटकडे मंजुरीला जातं आणि शिक्का मारून परत येतं, बहुतेक ठिकाणी ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसकट मंजूर, सी म्हणजे सुधारून परत द्या, डी म्हणजे नामंजूर. सी आला म्हणून मनाला लावून घेऊ नका, पण शेऱ्यांचं उत्तर एकेक करून लिहून द्यायची सवय आत्तापासून लावा, न लिहिता नुसतं ड्रॉइंग बदलून पाठवलं तर तेच शेरे परत येतात आणि दोन आठवडे जातात. ऑफर घ्यायच्या आधी एवढं विचारा की ड्राफ्टिंगच करायचंय की कोऑर्डिनेशनच्या मीटिंगलाही बसायचंय, कारण मीटिंगमध्ये डक्टवाला तुमचा पाइप खाली ढकलायला बघतो तेव्हा तुमच्या ड्रेनचा उतार १ ला १०० आहे आणि तो मोडता येत नाही हे तिथल्या तिथे आकड्यात सांगता यायला हवं.