आडनावांचं टपाल: तेरला एकही तेरकर का नाही?

प्रश्न : काकू, नमस्कार. आमचं आडनाव तेरकर. घरं मोजकीच. आम्ही देगलूरला, एक चुलतघर उदगीरला, एक हैदराबादला. आजोबा भालकीहून इकडं आले. आपण मूळचे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे, असं लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या वर्षी मुद्दाम तेरला जाऊन आलो, तर तिथं या आडनावाचं एकही घर सापडलं नाही. पारावरचे म्हातारेही म्हणाले, ‘हे आडनाव आमच्याकडं नाही.’ त्यात पुतण्यानं आजोबांचा भालकीच्या शाळेचा उर्दू दाखला कुणाकडून तरी वाचून घेतला. त्यात म्हणे ‘तीरगर’ लिहिलंय, म्हणजे बाण करणारे. आता तो राजपत्रात आडनाव बदलून घ्यायला निघालाय. दाखल्याचा फोटो पाठवतो. बाकी जुनं असं घरात काही उरलं नाही. आजी चैत्र वद्य त्रयोदशीला नवं मडकं आणून पुजायची, तेवढं आठवतं. आम्ही नेमके कुठले?
— एक तेरकर, देगलूर

उत्तर : भाऊ, आधी पुतण्याला थांबवा. राजपत्र कुठं पळून जात नाही.

तेरला तेरकर सापडले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. ढीगभर सापडले असते तर मलाच कोडं पडलं असतं. ‘कर’ हे शेपूट गावात राहून सहसा लागत नाही, गाव सोडल्यावर लागतं. तेरमध्ये सगळेच तेरचे. तिथं ‘अहो तेरकर’ म्हणून हाक मारली तर अख्खा बाजार मागं वळून बघेल. गावात माणूस पाटील असतो, कुलकर्णी असतो, जोशी असतो, नाहीतर कुळाच्या नावानं ओळखला जातो. तोच बिऱ्हाड घेऊन औशाला गेला की शेजारी विचारतात, कुठले तुम्ही? तेरचे. झालं आडनाव. आपल्याकडं सुनांच्या बाबतीत तर हे रोजचंच आहे. माझ्या सासरी मला अजून ‘मानवतची’ म्हणतात. मानवतात असताना मला कुणी मानवतची म्हटलं नव्हतं.

पाटलांचं पाहा. चाकुरात नुसतं ‘शिवराज पाटील’ म्हटलं की भागत असेल, दिल्लीत पाटलांची काय कमी? म्हणून शिवराज पाटील चाकूरकर झाले. मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील असेच निलंगेकर. तुमच्याच गावचे देगलूरकर महाराज किंवा औशाचे औसेकर महाराज, ही नावं पंढरपुरातल्या गर्दीत उपयोगी पडतात. उर्दू शायरांत सिराज औरंगाबादी आहेत. तो ‘औरंगाबादी’ म्हणजे फारसी थाटाचा ‘कर’च. त्यामुळं ‘कर’ आडनावांचा नकाशा काढला तर मधलं गाव बहुधा मोकळं आणि ठिपके लांबलांब, असंच दिसायला हवं. तुमचे ठिपके भालकी, उदगीर, देगलूर, हैदराबाद. म्हणजे तेरहून पूर्वेला सरकत गेलेली वाट. मला त्यात काही खटकत नाही.

आणि तेर सोडून लांब जायचं आणि तेरचं नाव मात्र मिरवायचं, ही चाल तर फार जुनी. कोल्हापूरचे आणि कोकणातले शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तगर म्हणजे आपलं तेर. राज्य ठाण्याला, राज्य कोल्हापूरला, आणि बिरुद तेरणाकाठच्या गावाचं! लातूरचंही तसंच. राष्ट्रकूटांची राजधानी मालखेडला, पण नाव सांगायचं ‘लट्टलूरपुर’. पुढं बेळगावकडच्या सौंदत्तीचे रट्ट राजेही तेच सांगत राहिले. एका अर्थानं ते तेरकर आणि लातूरकरच, फक्त संस्कृतात. (याचा अर्थ तुम्ही शिलाहारांचे वंशज असा काढू नका. पुतण्याला हा परिच्छेद दाखवलाच नाही तरी चालेल.) त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलंय, आणि तिथलं साधं कापड नि मलमल गाड्या भरून भडोचच्या बंदराला जायची असंही. बाहेर पडायची सवय त्या गावाला तेव्हापासूनची.

आता दाखला. फोटो चांगला मोठा करून पाहिला. मी आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात काढलं. उर्दू शिकले ती तिथल्याच एका म्हाताऱ्या मुन्शीसाहेबांकडून. त्यांची शिकवणी एकाच वाक्यावर चालायची, ‘पहले नुक्ते गिनो, फिर नाम पढो.’ नुक्ते म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके. तसंच करू.

तुमच्या आडनावात अक्षरं पाच : ते, ये, रे, काफ, रे. पहिल्या अक्षरावर दोन नुक्ते स्पष्ट आहेत, म्हणजे ‘त’. ‘ट’ असता तर वर छोटा तोय (उर्दूतलंच एक अक्षर) काढला असता, म्हणून ‘टेरकर’ बाद. पुढचा ‘ये’ मात्र फितूर. शब्दाच्या शेवटी आला तर उर्दूत ए आणि ई वेगळे दिसतात. मध्ये आला की दोन्हींचा आकार एकच. म्हणून ‘तेर’ आणि ‘तीर’ हे उर्दूत डोळ्यांना अगदी सारखे. वाचणाऱ्याला तेर हे गाव ठाऊक नसेल तर तो तीरच वाचणार. शिवाय तुमच्या दाखल्यात त्याला तीर आधीच भेटला होता. खाली तारीख बघा : 12 तीर 1337 फसली. तीर हा निजामी राज्यातल्या फसली वर्षाचा महिना, आपल्या मेच्या सुमारास सुरू होणारा. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांना 590 मिळवायचे, पुढच्या महिन्यांना 591. तुमच्या आजोबांचा दाखला 1928 सालचा. तारखेत ‘तीर’ बरोबर वाचला, तोच धागा धरून गृहस्थ वर आडनावापर्यंत गेले असणार.

राहिला ‘कर’ की ‘गर’. काफावर एक तिरपी रेघ, गाफावर दोन. घाईत लिहिणारे कारकून गाफाची दुसरी रेघ खुशाल गाळतात, त्यामुळं एक रेघ दिसली म्हणून काफ असं डोळे मिटून म्हणता येत नाही. अशा वेळी त्याच हातानं त्याच कागदावर दुसरा गाफ कसा काढलाय ते पाहायचं. तुमचं नशीब बघा. ‘वल्दियत’च्या रकान्यात तुमच्या पणजोबांचं नाव आहे, गंगाराम. त्यात गाफ एक नाही, दोन. दोन्हींवर दोन-दोन रेघा, शाई जरा फुटलीय, पण रेघा सुट्या मोजता येतात. एवढा नेटका कारकून आडनावाशी येऊन रेघ खाईल, हे मला पटत नाही. वर एकच रेघ आहे, तेव्हा तो काफच. तेरकर. तीरगर हा शब्द खरा आहे, बाण करणाऱ्यालाच म्हणतात, पण तो तुमच्या दाखल्यात नाही.

एवढ्यावर समाधान नसेल तर तुमच्या घरात नाही, पण उदगीर-हैदराबादच्या चुलतघरांत मोडीतला एखादा कागद शोधा : सावकाराची पावती, खरेदीखत, लग्नाची याद, काहीही. मोडीत मात्रा वेगळी आणि वेलांटी वेगळी, त्यामुळं उर्दूत जिथं घोळ होतो तिथंच मोडी साफ बोलते. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यात आली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आलेत. तुमच्या भागातही कुणी भेटेल. फक्त एक करा, ‘आमचं आडनाव तेरकर आहे, बघा बरं’ असं सांगून कागद हातात देऊ नका. काही न सांगता वाचायला द्या. पैसे देणाऱ्याला हवं ते वाचून दाखवणारेही या धंद्यात आहेत.

तुम्ही जाता जाता लिहिलेली मडक्याची गोष्ट मला दाखल्याइतकीच मोलाची वाटते. चैत्र वद्य त्रयोदशी म्हणजे संत गोरा कुंभारांची पुण्यतिथी. गोरोबाकाकांची समाधी तेरलाच आहे, त्या दिवशी तिथं मोठी यात्रा भरते. भालकीकडच्या घरात त्याच तिथीला आजी मडकं पुजत होती आणि कारण मात्र कुणालाच माहीत नव्हतं. अशी प्रथा मागून शिकवलेली नसते, आधीच्या पिढीनं सोबत आणलेली असते. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही, गोरोबांना मानणारे वारकरी सगळीकडं आहेत. पण आजी देगलूर-भालकीकडच्या कुठल्या माहेरची होती हे विचारून घ्या. प्रथा माहेरची निघाली तर माझं म्हणणं लंगडं पडेल. सासरची असेल, म्हणजे आजीला तिच्या सासूनं सांगितलेली असेल, तर मग तेरकडं बोट जातंय.

पुढचा शोध कुठं घ्यायचा? तेरच्या पारावर तर नाहीच. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडं गाववार वह्या असतात. तिथं ‘तेरकर’ विचारा, आणि ‘तेर’ गावाखालीही विचारा. कारण ज्या पूर्वजानं गाव सोडण्याआधी सही केली असेल त्याच्या नावापुढं तेरकर नसणार, वेगळंच काही असेल. ते सापडलं तर तुमचं जुनं आडनाव सापडलं. जमीन होती असं कुणी सांगत असेल तर 1954-55 चं खासरा पत्रक (जमीन कुणाच्या कब्जात होती त्याची नोंद), त्यामागचं सेतवार (त्याआधीची शेतवार नोंदवही), आणि इनाम असेल तर मुन्तखब (इनामाच्या चौकशीचं निकालपत्र) पाहा. निजामाच्या काळातल्या कागदांत धाराशिव जिल्हा मिळाला नाही म्हणून परत फिरू नका. त्या जिल्ह्याला आधी नळदुर्ग जिल्हा म्हणत, पुढं उस्मानाबाद. भालकी 1956 च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेली, तेव्हा तिकडचे उतारे बीदरला मागावे लागतील, कानडीत. बार्शी, सोलापूर, लातूर या बाजारांच्या गावांतल्या मतदारयाद्या घरबसल्या बघता येतात. तेरमधून बाहेर पडलेला माणूस पोटासाठी आधी तिकडंच वळला असेल. सोलापूरला तर 1877 पासून गिरण्या.

आणि तिकडं कुणी तेरकर भेटलेच, तर लगेच ‘भाऊबंद सापडले’ म्हणून पेढे वाटू नका. तेर सोडणारं घर काही एकच नव्हतं. ब्राह्मणानं सोडलं तरी तेरकर, वाण्यानं सोडलं तरी तेरकर, शिंप्यानं, कुंभारानं सोडलं तरी तेरकरच. आधी देवक आणि कुलदैवत विचारा, ते जुळलं तर मग चहा.

पुतण्याला सांगा, आजोबांच्या दाखल्यावर, तुमच्या सातबाऱ्यावर आणि त्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आज एकच आडनाव आहे. ते एकदा राजपत्रात बदललं की पुढं जातपडताळणीत प्रत्येक टेबलावर खुलासा करत बसावं लागेल, तो वेगळाच.

प्रश्न : आमचं आडनाव डबीर. सेलूत आमचं एकच घर. नागपूर-पुण्याकडंही डबीर आहेत म्हणे. आमचं मूळ गाव कोणतं?
— एक वाचक, सेलू

उत्तर : तुमचा मामला वरच्या पत्राच्या उलट. तुमच्या आडनावात गाव नाहीच, खुर्ची आहे. फारसीत दबीर म्हणजे लेखनिक, चिटणीस. दख्खनच्या शाह्यांत हा हुद्दा होता आणि शिवाजी महाराजांकडं परराज्यांशी व्यवहार बघणाऱ्याला डबीर म्हणत. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली, त्यात डबिराचा सुमंत झाला, जसा मुजुमदाराचा अमात्य आणि वाकनिसाचा मंत्री. हुद्दे बदलले, पण लोकांनी आडनावं काही सोडली नाहीत. डबीर, मुजुमदार, वाकनीस अजून आहेत.

जिथं दरबार तिथं दबीर. त्यामुळं नागपूरचे डबीर आणि सेलूचे डबीर यांचा पूर्वज एक असायचं काही कारण नाही. एकच असूही शकतो, पण ते आडनावावरून कळणार नाही, गोत्र आणि कुलदैवतावरून कळेल. मूळ गाव शोधण्यापेक्षा तुमच्या घरात कुठल्या परगण्याची सनद किंवा इनामाचा कागद होता का, ते आधी विचारा. चाकरी तिकडची, तर घरही तिकडचं.

प्रश्न : ‘भूमकर’ बरोबर की ‘भुमकर’? सासऱ्यांच्या जुन्या मोडी कागदावरून ठरवता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही, ताई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे काढतच नाहीत, उकार एकच. मोडीवरून हा तंटा सात जन्मांत मिटणार नाही. गावाच्या पाटीवर ‘भूम’ आहे, म्हणून दीर्घ लिहिणं सयुक्तिक. पण मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच चालू द्या. दोन्हीकडं वेगवेगळं असेल तर मात्र दहावीचा फॉर्म भरायच्या आधी एकसारखं करून घ्या, नंतर बोर्डाच्या खेट्या घालाव्या लागतात.